आतली कडी

सातव्या वर्षी तो न्हाणीत अडकला.
आतून कडी लागली, उघडता येईना,
आणि बाहेरून मला सांगता येईना
'वर' म्हणजे कुठं, 'डावीकडं' म्हणजे कुठं.
शेवटी सुतारानं बिजागरीच काढली.
त्याच संध्याकाळी घरातल्या सगळ्या आतल्या कड्या
मी काढून घेतल्या,
स्क्रूची भोकं साबणानं बुजवली.
एकोणीस वर्षं भूपालचं एकही दार
पुरतं लागलं नाही.

शाळा अठराव्या वर्षी संपली.
शाल, नारळ, फोटो.
बाई म्हणाल्या, आता घरीच रमेल.
रमला. उंबऱ्यावर.
बरोबरीची पोरं इचलकरंजीला लागली, पुण्याला गेली,
त्यांची पोरं याला काका म्हणायला लागली,
आणि मी अजून
याच्या ताटातला भात कालवून देत होते.
रात्री दिवा मालवला की हे म्हणायचे,
'आपल्या माघारी...'
पुढचं कधी बोलले नाहीत.
पुढं नुसता पंखा.

अस्मा मुजावर आली ती हेल्मेटसकट आत.
शुक्रवार पेठेत, पिठाच्या गिरणीवर, दोन खोल्या.
भूपाल, कागलचा रणधीर,
आणि बोलायला लागला की थांबत नाही तो उत्तरेश्वरातला सलीम.
भाडं तिघांच्या पगारातून, कमी पडेल ते आपण.
ती संध्याकाळी दोन तास येणार, रात्री फोनवर.
मी म्हटलं, गॅस?
शिकवू की.
आणि भाजलं तर?
काकू, तुम्हाला कधी भाजलं नाही?
मी मनगट पदराखाली घेतलं.

नुसत्या लायटरला चार महिने गेले.
भिंतीवर तिनं काढलेली चित्रं:
बटण, लायटर, पातेलं, बटण.
शेवटचं बटण लाल.
दुसऱ्या पगाराला कुणीतरी आठशे रुपये
'उद्या देतो' म्हणून नेले.
मी म्हटलं, झालं, आणा घरी.
अस्मा म्हणाली, पैसे त्यानं नेले
आणि शिक्षा भूपालला?
मला त्या पोरीचा राग आला.
अजून थोडा आहे.

परवा न सांगता गेले.
डब्यात धपाटी, पिशवीत त्याचा जुना स्वेटर.
जिन्यावर पीठ पसरलेलं, त्यात त्याची पावलं,
माझ्यापेक्षा मोठी.
दार ढकललं. हललं नाही.
आतून आवाज, कोण?
'मी. आलोय मी.'
'मी कोण?'
हे मीच शिकवलं होतं, नाव कळल्याशिवाय उघडायचं नाही.
'आई.'
'थांब. आंघोळ करालोय.'

थांबले. पायरीवर बसले.
खाली गिरणी चालू, पायरी थरथरत होती,
जोंधळ्याचा वास, गरम.
आत पाणी पडत होतं, थांबत होतं,
मध्येच तो स्वतःशी काहीतरी बोलला, हसला.
काय, ते मला कळलं नाही.
सव्वीस वर्षांत मला न कळलेलं
हे त्याचं पहिलं वाक्य असेल.
मग कडी निघाल्याचा आवाज आला.
बारीक. नीट तेल घातलेली असावी.

केस ठिबकत होते. शर्टाचं बटण एक घर चुकलेलं,
खाली एक टोक लोंबतंय.
माझा हात उठला,
मी त्या हातानं पिशवी धरली.
'चहा करतो,' म्हणाला, 'दूध नाही.'
दुधाच्या डेपोत कामाला,
दिवसभर क्रेट मोजतो, आणि घरात दूध नाही.
'चल आणू,' म्हणाला. किटली घेतली.
किल्ली दोनदा फिरवली, ओढून बघितली,
परत ओढून बघितली.

गंगावेशीत म्हशी उभ्या होत्या,
धार काढायचं चाललं होतं, बालदीत फेस.
गवळ्यानं भूपालकडं बघितलं,
मग माझ्याकडं.
मलाच विचारलं, 'किती घालू?'

मी म्हशीकडं बघत राहिले.
काळीभोर, एक शिंग तुटकं.
मागचा माणूस खाकरला.
गवळी माप हातात धरून थांबलेला.
भूपालचे ओठ हलले, बंद झाले, परत हलले.
म्हशीनं कान झटकला.

'अर्धा,' तो म्हणाला.
'अर्धा लिटर. फेस नको.'